रक्तातले आणि शिकलेले

२०२१ सालच्या डिसेंबरात बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील लवूळ हे गाव एकाएकी देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकले. गावात वावरणारी वानरे कुत्र्यांची लहान पिल्ले उचलून झाडांच्या शेंड्यांवर आणि घरांच्या माळवदांवर नेतात, आणि तेथून पडून किंवा उपासमारीने ती पिल्ले मरतात, अशी ती बातमी होती. कुत्र्यांनी वानराचे एक पिल्लू मारले आणि तेव्हापासून वानरांनी कुत्र्यांच्या साऱ्या जातीवर सूड उगवण्यास आरंभ केला, असे तिचे कारण सांगण्यात आले. मेलेल्या पिल्लांचा आकडा कोठे ऐंशी छापून आला, कोठे अडीचशे. अखेर वन खात्याच्या पथकाने दोन वानरे पकडून दूर नेली आणि चार दिवसांत सर्वांना त्या प्रकरणाचा विसर पडला. या भागातील पाण्याची किंवा शाळांची बातमी परदेशी वृत्तपत्रांनी इतक्या तत्परतेने छापल्याचे ऐकिवात नाही. परंतु तो मुद्दा निराळा.

येथे विचार करायचा आहे तो 'सूड' या शब्दाचा. सूड उगविण्यासाठी अपराध्याची आठवण धरावी लागते, एकाच्या अपराधाचा भार त्याच्या सगळ्या जातभाईंवर टाकावा लागतो, आणि पिल्लू मारले असता आईला दुःख होईल, हे आधी ताडावे लागते. इतका लांबचा हिशेब वानराच्या माथी मारण्याचे काही कारण दिसत नाही. प्रतिशोधासारखे वर्तन माकडांत मुळीच नसते असे नव्हे. जपानी माकडांत मार खाल्लेले माकड थोड्याच वेळात मारणाऱ्याच्या एखाद्या नातलगावर धावून जाते, अशा नोंदी अभ्यासकांनी केल्या आहेत. पण तो तात्कालिक रागाचा प्रकार असतो, आणि तो आपल्याच टोळीत घडतो. लवूळच्या वानरांना पिल्ले मारायचीच असती, तर त्यांच्या सुळ्यांना ते काम जागच्या जागी शक्य होते. उचलून उंचावर नेण्याचे आणि जवळ बाळगण्याचे प्रयोजन काय?

या प्रश्नाचे अधिक सरळ उत्तर वानरांच्या संगोपनाच्या रीतीत सापडते. काळ्या तोंडाच्या या वानरांच्या कळपात नवे पिल्लू जन्मले की ते एकट्या आईजवळ राहत नाही. पहिल्याच दिवसापासून कळपातील इतर माद्या ते मागून घेतात, कधी हिसकावूनही घेतात, आणि पोटाशी धरून हिंडतात. या वानरांच्या अभ्यासाचे एक मोठे पर्व आपल्या शेजारीच, धारवाडच्या रानात, साठीच्या दशकाच्या आरंभी युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने सुरू केले. पुढे अमेरिकेच्या सारा ब्लॅफर हर्डी यांनी अबूच्या पहाडावरील वानरांवर वर्षानुवर्षे काम केले आणि १९७७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लू दिसले की उचलावे, छातीशी धरावे, ही ओढ वानरांत किती प्रबळ असते, हे या निरीक्षणांतून स्पष्ट झाले. मेलेले पिल्लूसुद्धा आई कधी कधी कित्येक दिवस सोडीत नाही.

आता वानराच्या पिल्लात आणि कुत्र्याच्या पिल्लात फरक काय, तो पाहावा. वानराचे पिल्लू जन्मतःच मुठीत आईचे केस घट्ट पकडते. उडी फांदीवरून असो की माळवदावरून, ते पोटाला चिकटून राहते. कुत्र्याच्या पिल्लाला मूठ नाही. त्याचा वंश जमिनीवर, बिळात किंवा आडोशाला वाढला. उंचावर कशाला धरून राहण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. वानराला उचलण्याची प्रेरणा आहे, पण उचललेल्याला धरता येत नाही, आणि उंचावर त्याला पाजणारे कोणी नाही. परिणाम व्हायचा तोच होतो. दोन प्राण्यांच्या दोन निरनिराळ्या उपजत रीती एका माळवदावर एकत्र आल्या, आणि माणसाने त्यांच्यामधल्या विसंवादाला सूडाची कथा जोडली. ती कथा ऐकायला अधिक रोचक आहे, हे मात्र खरे.

ही मूठ माणसाच्या परिचयाची आहे. नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या तळहातात बोट ठेवले की ते बोट घट्ट धरते, आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्यात मोठे कौतुक वाटते. पाच-सहा महिन्यांत ही आपोआप आवळणारी पकड नाहीशी होते. माणसाच्या आईच्या अंगावर केस राहिले नाहीत, पण ते धरण्याची मूठ मुलाच्या हातात अजून पहिले काही महिने शिल्लक आहे. शरीराप्रमाणे वर्तनालाही पूर्वज असतात, हे यापेक्षा घरगुती उदाहरणाने सांगता येणार नाही.

प्राण्यांच्या उपजत वर्तनाचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्यांनी रुजविला, त्या कॉनराड लोरेन्झ, निको टिनबर्गन आणि कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्यांच्या शोधाचा गाभा असा की प्राणी सगळी परिस्थिती जोखून वागत नाही; एखाद्या ठळक खुणेवरून वागतो. अंड्याचा गोलपणा, चोचीवरचा लाल ठिपका, तोंड वासणारे पिल्लू एवढी खूण पुरते. नैसर्गिक निवडीला परिपूर्ण नियम घडवायचा नसतो. बहुतेक वेळा चालणारा नियम तिला पुरेसा असतो. लहान आणि केसाळ जीव हाती आला तर सांभाळ, हा नियम वानरांच्या जंगलात पिढ्यान्पिढ्या चालला. गावच्या गल्लीत कुत्र्याची पिल्ले मोकळी हिंडतात, ही गोष्ट त्या नियमाच्या हिशेबात नव्हती.

नियमाचा असा बळी कावळाही आहे. कावळ्यासारखा हुशार पक्षी दुसरा क्वचितच सापडेल. त्याला माणसांचे चेहरे ओळखता येतात आणि लक्षात राहतात, हे प्रयोगांनी दाखविले आहे. तोच कावळा आपल्या घरट्यात कोकिळेचे पिल्लू वाढवितो. मग ही हुशारी घरट्याच्या काठावर येऊन का थांबते? १९९३ मध्ये अर्नॉन लोटेम या संशोधकाने अशा फसणाऱ्या पक्ष्यांविषयी मोठा मार्मिक विचार मांडला. पक्ष्याने पहिल्या विणीत जे पिल्लू पाहिले तेच आपले, असे शिकून ठेवायचे ठरविले, आणि दुर्दैवाने त्याच वर्षी घरट्यात एकटे परके पिल्लू असले, तर तो पक्षी पुढे जन्मभर आपलीच पिल्ले परकी म्हणून टाकून देईल. म्हणजे तेथे शिकण्यापेक्षा न शिकणे स्वस्त पडते. शिकणे नेहमीच हिताचे असते, असे शाळेत सांगणे ठीक आहे. निसर्गाचा तसा आग्रह नाही. कोठे शिकावे आणि कोठे शिकू नये, हेसुद्धा त्याने लाखो वर्षांच्या नफ्यातोट्यावर ठरविले आहे.

कोकिळेची बाजूही तितकीच उद्बोधक आहे. कावळ्याच्या घरात वाढलेले पिल्लू मोठे झाल्यावर काव-काव करीत नाही. चैत्र आला की कोकिळेसारखेच गाते. ते गाणे त्याला शिकवायला त्याचे आईबाप तेथे नव्हते, म्हणून ते जन्मतःच बरोबर असावे लागले. याउलट पुष्कळ गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्ले गाणे बापाकडून ऐकून शिकतात. त्यांना लहानपणी ते ऐकू दिले नाही, तर मोठेपणी त्यांचे गाणे ओबडधोबड होते, आणि ऐकण्याचा काळ एकदा टळला की मग ऐकवूनही फारसा उपयोग होत नाही. एकाचे गाणे रक्तातले, दुसऱ्याचे शिकलेले. पण कोणाचे कसे असावे, हा निवाडा दोन्ही ठिकाणी उत्क्रांतीचाच. सुगरणीच्या खोप्याकडेही आपण निव्वळ उपजत कसब म्हणून पाहतो. प्रत्यक्षात तरुण पक्ष्याचे पहिले विणकाम कच्चे असते आणि सरावाने ते सुधारते. सुगरणीच्याच कुळातील आफ्रिकेतल्या एका पक्ष्याच्या पिल्लांना वर्षभर पाते-तंतू मिळू दिले नाहीत, तेव्हा त्यांना पुढे नीट विणता येईना. (ओघाने हेही सांगावयास हवे की कुहू करणारा नर असतो आणि खोपा विणणाराही नर असतो. मराठीने दोन्ही कलांचे श्रेय मादीला देऊन टाकले आहे. त्याची तक्रार मात्र आजवर कोणत्याही नराने केलेली नाही.)

तेव्हा उपजत आणि शिकलेले ही एकमेकांविरुद्ध लढणारी दोन सैन्ये नव्हेत. शिकण्याची क्षमता हीच उपजत असते, आणि ती सगळीकडे सारखी पसरलेली नसते. शेतकऱ्यांना हे उंदरांनी फार पूर्वीच शिकविले आहे. विषारी आमिष खाऊन जो उंदीर आजारी पडून वाचतो, तो पुन्हा त्या चवीला तोंड लावीत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवा, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. १९६६ मध्ये जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रयोगशाळेत उंदरांना गोड पाणी पिताना दिवाही दाखविला आणि खटका ऐकविला. नंतर ज्यांना मळमळ आणविली, त्यांनी गोड चव टाळली. ज्यांना विजेचा धक्का दिला, त्यांनी दिवा आणि आवाज टाळला. पोटदुखीचा संबंध चवीशी आणि वेदनेचा संबंध दिसण्या-ऐकण्याशी, एवढे उंदीर आधीच गृहीत धरून येतो. सापाची भीती ही अशीच गोष्ट. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडाला साप पाहून भीती वाटत नाही. पण दुसरे माकड सापाला भ्यालेले त्याने एकदा-दोनदा पाहिले की ते कायमचे भिते. सुझन मिनेका व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस चित्रफितीत अशी करामत केली की दुसरे माकड फुलाला भीत आहे असे दिसावे. ते पाहून कोणतेही माकड फुलाला भ्याले नाही. भीती शिकवावी लागते. परंतु वाटेल त्या गोष्टीची शिकविता येत नाही.

प्राण्यांची गोष्ट येथवर ठीक आहे. खरी अडचण पुढे आहे, कारण हाच विचार माणसाला लावायची वेळ आली की बोलणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मूल म्हणजे कोरी पाटी, लिहाल ते उमटेल. दुसरा म्हणतो, जे रक्तात असते तेच उमटते. पहिला विचार शिक्षकाला प्रिय वाटतो आणि दुसरा गावच्या पारावर अधिक ऐकू येतो. दोघांकडेही वर सांगितलेल्या गोष्टींचे उत्तर नाही.

१९८४ मध्ये जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी जो प्रयोग केला, त्याचे मर्म मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा लवकर कळेल. 'त' आणि 'ट' हा भेद हिंदीत आहे, मराठीत आहे, इंग्रजीत नाही. प्रौढ इंग्रजी भाषिकाला हे दोन उच्चार ओळखणे मोठे जिकिरीचे जाते. पण इंग्रजी घरातील सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना हा भेद सहज कळतो, असे त्यांना आढळले. दहा-बारा महिन्यांची झाली की त्याच घरातील मुलांची ती शक्ती बव्हंशी लोपते. हिंदी ऐकत वाढणाऱ्यांची मात्र टिकते. मूल येताना जगातल्या सगळ्या भाषांचे कान घेऊन येते आणि ऐकलेल्या भाषेपुरते ते पहिल्या वर्षातच आवरते. अशा मुलाला कोरी पाटी म्हणता येत नाही, कारण कोऱ्या पाटीला कान नसतात. त्याचे रक्त मराठीचे आहे असेही म्हणता येत नाही. गेवराईत जन्मलेले मूल लंडनमध्ये वाढले तर त्याचा 'ट' इंग्रजी होतो, आणि बीड जिल्ह्यातील तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी आणि बाहेर मराठी बोलताना कोणत्याही पाठ्यपुस्तकाची वाट पाहत नाही.

'रक्तातच आहे' या वाक्याने या देशात किती नुकसान केले, त्याचा एक दाखला कायद्याच्या पुस्तकात नोंदलेला आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. ब्रिटिश मुलखात, शेजारच्या सोलापुरात, अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवण्याची वसाहत होती. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द केला. कुंपण गेले, समजूत गेली नाही. मराठवाड्यात पारधी वस्तीकडे चोरीचा तपास आजही पहिल्यांदा का वळतो, हे कोणी कायद्याच्या आधारे सांगू शकणार नाही. लातूर जिल्ह्यात वाढलेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या जमातीला जन्मजात चोर म्हटले गेले, त्या जमातीत चोरीचे शिक्षण मुलांना मार देऊन द्यावे लागे, हे त्यात वाचावयास मिळते. कोकिळेला गाणे शिकविण्यासाठी कोणी मारीत नाही. जे रक्तात असते त्याला इतक्या कठोर शाळेची गरज पडत नाही, एवढा साधा तर्क एकाही गोऱ्या अधिकाऱ्याला सुचला नाही, आणि काळ्या अधिकाऱ्यांनाही तो सुचण्यास वेळ लागत आहे.

येथे उत्क्रांतीच्या नावाने होणारा घोटाळाही दूर केला पाहिजे. उत्क्रांतीने घडविलेले उपजत वर्तन हे सबंध प्राणिजातीचे असते. मुठीची पकड माणसाच्या प्रत्येक मुलात आहे, भाषेचा कान प्रत्येक मुलात आहे. मानवजातीचे वय काही लाख वर्षांचे आहे, आणि जातींच्या भिंतींना त्या मानाने कालचेच म्हणावे लागेल. बुद्ध्यंकाच्या कसोट्यांवरचे गुण विसाव्या शतकात अनेक देशांत पिढीगणिक वाढत गेले, हे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. एका पिढीत रक्त बदलत नाही. शाळा, आहार आणि घर बदलू शकते. व्यक्तीव्यक्तींत अनुवंशाने फरक पडत नाही, असा याचा अर्थ नाही. तो पडतो, आणि एका आईच्या दोन मुलांतही पडतो. परंतु त्यावरून आडनाव पाहून वर्गातील मागचा बाक वाटून देण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न तात्त्विक चर्चेचा राहत नाही. दर वर्षी पाऊसकाळ संपला की येथून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोच्या जोडीला हिशेबात 'एक कोयता' म्हणतात, आणि मुलांचा हिशेब कोठेच नसतो. ज्यांच्या घरी म्हातारे आईबाप आहेत ते मुले गावी ठेवतात. बाकीची मुले कोप्यांवर जातात. शाळेचे निम्मे वर्ष त्यात जाते. परत आलेले मूल वर्गात बसते तेव्हा ते वाचनात मागे असते. मग एखाद्या शिक्षकाच्या तोंडून, बहुधा वैतागून आणि कधी कधी मायेनेही, शब्द निघतात: डोक्यातच नाही, तो तरी काय करणार!

या मुलाला काय येते, याची मोजदाद कोणी केली तर उत्तर चकित करणारे येईल. साताऱ्याकडची बोली निराळी, कर्नाटकातली भाषा निराळी. दोहोंतले चार शब्द ते उचलून येते. कोणत्या फडात बिबट्याचा वावर आहे, पाचटात पाय कोठे ठेवावा, मोळी कशी बांधावी, वाढ्यांना काय भाव आला, मुकादम रागावला आहे की नुसते तोंड करतो आहे, हे सगळे त्याला कळते. आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळते. अबूच्या वानरांपासून आरंभ केलेल्या हर्डीबाईंनी पुढे २००९ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात माणूस हा अनेकांनी मिळून मूल वाढविणारा प्राणी म्हणूनच उत्क्रांत झाला, असे प्रतिपादन आहे. आई कामात असताना आजीने, मावशीने, थोरल्या बहिणीने मूल धरायचे, ही रीत माणसाच्या मुळाशी आहे. फरक एवढाच की त्या व्यवस्थेत धरणाऱ्यांचे हात पुष्कळ होते. कोपीवर ते उरतात एका लहान मुलीचे, आणि तिचे स्वतःचे शिकण्याचे वय त्याच कडेवर खर्च होते.

म्हणजे उत्क्रांतीने माणसाच्या मुलाला जे जे शिकण्यासाठी तयार करून पाठविले आहे, ते ते सर्व हे मूल शिकले आहे: भाषा, माणसांचे स्वभाव, धोका, वाट, भावंडांची काळजी. त्याला येत नाही ते वाचन आणि लेखी गणित. या दोन गोष्टींसाठी उत्क्रांतीने कोणालाच तयार केलेले नाही. लिपीचे वय पाच हजार वर्षांच्या आसपास आहे आणि त्यातील बहुतेक काळ ती मूठभरांच्या हातात होती. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले ते १९१७ साली. आज ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत, त्यांतील बहुतेकांचा खापरपणजा निरक्षर होता, आणि त्याच्या मेंदूत काही उणे होते असे कोणी म्हणत नाही. बोलणे मुलाला चारचौघांत वाढताना येते. वाचणे मात्र कोणीतरी समोर बसवून, रोज, महिनोन्महिने शिकवावे लागते. डोळ्यांचे आणि कानांचे जुने सामर्थ्य या नव्या कामाला जुंपावे लागते. त्यात सहा महिन्यांचा खंड पडला की झालेले कामही मोडते. हा खंड प्राध्यापकाच्या मुलाच्या वाट्याला आला असता तर त्याचीही तीच गत झाली असती. तेव्हा डोक्यात नाही म्हणून वाचता येत नाही, हे निदान मुळातच चुकीचे आहे. वाचन कोणाच्याच डोक्यात आधीपासून नसते, आणि ते घालण्यासाठी शाळेखेरीज दुसरी युक्ती माणसाला सापडलेली नाही.

उत्क्रांतीने माणसाला लांब बालपण दिले, ते याच कामासाठी उपयोगी पडते. जन्माच्या वेळी मुलाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असतो आणि सहाव्या वर्षापर्यंत तो आकाराने जवळजवळ पुरा होतो. शेळीचे करडू जन्मतः तासाभरात उभे राहते; माणसाचे मूल वर्षभर उभे राहू शकत नाही. हा दुबळेपणा नसून शिकण्यासाठी मिळालेली सवड आहे. पण ती पोटभर अन्नावर, बोलणाऱ्या माणसांवर आणि थोड्या स्वस्थतेवर अवलंबून असते. उसाच्या फडात थंडीत पहाटे उठून आईबाप तोडीला गेले की कोपीत राहिलेल्या मुलाला या तिन्हींची वानवा असते.

शासनाने यावर काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, गावोगाव हंगामी वसतिगृहे निघाली, मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहावे आणि शाळेत जेवावे, अशी त्यामागची कल्पना आहे. ती कल्पना योग्यच आहे, कारण ती मुलाची शाळाही तोडत नाही आणि त्याची माणसेही तोडत नाही. मात्र वसतिगृह टोळ्या निघण्यापूर्वी उघडले तरच त्याचा उपयोग. गाडीत बसलेले मूल कागदावर आलेली मंजुरी उतरवू शकत नाही. कर्नाटकात गेलेल्या मुलाला तेथील कानडी शाळेत नाव घालण्याची सोय सांगणे, ही तर सोय न सांगण्याइतकीच निरुपयोगी गोष्ट आहे. शिक्षकांकडूनही एक अपेक्षा ठेवता येईल. फाल्गुनात परत आलेल्या मुलाची परीक्षा घेताना त्याला काय येत नाही यासोबत काय येते, याचीही नोंद वर्गात व्हावी. मोळ्यांचा आणि खेपांचा हिशेब तोंडी करणाऱ्या मुलाला गुणाकार शिकविण्यास कोठून आरंभ करावा, हे त्या नोंदीवरूनच कळेल.

आणखी एक गोष्ट या सगळ्यात निसटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे मूल सहा वर्षांचे होते तेव्हा सुरू होते, आणि हंगामी वसतिगृहही शाळेत नाव असलेल्या मुलासाठीच असते. अंगावर पिणारे आणि चार वर्षांचे मूल गावी ठेवता येत नाही. ते आईबरोबर जाते. 'त' आणि 'ट' निवडण्याचा, मेंदू सर्वांत वेगाने वाढण्याचा आणि पहिले शब्द जुळविण्याचा काळ कोपीवर जातो, तो त्याचा. गावच्या अंगणवाडीच्या हजेरीपटावर त्याचे नाव असते, पण कारखान्याच्या अड्ड्यावर त्या नावाला विचारणारे कोणी नसते. गावची अंगणवाडी टोळीबरोबर अड्ड्यावर पोचविणे ही फार मोठ्या खर्चाची बाब नाही. सेविका, एक ताडपत्री, पातेले आणि दुपारचे जेवण इतके त्यास पुरे होईल. ज्या कारखान्याच्या गव्हाणीत रोज हजारो टन ऊस पडतो, त्याच्या आवारात एवढी जागा निघण्यास हरकत नसावी.